वारासिवनीच्या भोवतीचे रूपांतरित खडक

वारासिवनीचे नाव निघाले म्हणजे जाणत्यास दोन गोष्टी आठवतात : वैनगंगेच्या खोऱ्यातील चिन्नोर तांदूळ आणि हातमागावरील लुगडी. ह्या दोहोंहून कितीतरी जुनी अशी एक तिसरी गोष्ट ह्या भूमीत आहे. ती डोळ्यांसमोर असूनही तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे येथील दगड. गावाच्या पूर्वेस वैनगंगा ओलांडून बालाघाटच्या पलीकडे भरवेलीपर्यंत जावे, किंवा पश्चिमेस कटंगीवरून तिरोडीची वाट धरावी. दोन्हीकडे धानाच्या बांध्या संपून टेकड्या लागल्या की काळसर, चकाकणारे, थराथरांचे खडक दिसू लागतात. भूविज्ञानात त्यांस 'सौसर माला' असे नाव आहे. सौसर हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ सालापासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. त्या गावापासून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांचा उत्तर भाग व्यापून बालाघाटपर्यंत पसरलेला हा पट्टा सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा आहे.

ह्या खडकांची जात 'रूपांतरित' अशी सांगतात. साहित्याच्या वाचकास हा शब्द परका नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' केले, ते भाषांतर नव्हे, रूपांतर होय. कथेचा गाभा तोच राहिला. पात्रांची नावे, वेष आणि बोलणे मात्र पालटले. खडकांचे रूपांतरही बऱ्याच अंशी असेच असते. तप्त रस थिजून झालेला अग्निज खडक, किंवा पाण्याच्या तळाशी गाळ साचून झालेला स्तरित खडक, भूकवचाच्या हालचालींत खोल गाडला जातो. तेथील उष्णतेने तो भाजतो, वरच्या भाराने दाबला जातो. पण वितळत नाही. घन अवस्थेतच त्याचे जुने कण मोडून नवे स्फटिक जुळतात. बाहेरून फारसे काही येत नाही आणि आतले फारसे काही जात नाही. असलेल्या द्रव्याचीच नवी मांडणी होते. म्हणूनच आजच्या रूपावरून मूळ रूप ओळखता येते, आणि मध्यंतरी त्या खडकावर काय काय गुदरले हेही कळते.

सौसर मालेचे मूळ रूप म्हणजे एका उथळ समुद्राच्या तळावरचा गाळ. कोठे वाळू साचली, कोठे चिखल, कोठे चुना. आणि काही काळ त्या तळावर मँगनीजच्या संयुगांचा काळा साका बसत राहिला. पुढे रूपांतर झाले तेव्हा ज्याचे त्याने आपापल्या द्रव्यानुसार रूप घेतले. वाळूचा क्वार्टझाइट झाला. त्याच्या कडा इतक्या कठीण की भोवतीचे खडक झिजून गेले तरी त्या टेकड्यांच्या माथ्यांवर उभ्या आहेत. चिखलातून अभ्रकाच्या पापुद्र्यांनी चमकणारा खडक झाला. त्यास मराठी परिभाषेत 'सुभाजा' हे सुंदर नाव मिळाले आहे, कारण तो पापुद्र्यांच्या दिशेने सहज भागला जातो. चुन्याचा संगमरवर झाला. त्यात मँगनीजचा अंश मिसळला तेथे गुलाबी छटा आली.

मँगनीजच्या साक्याचे मात्र दोन प्रकार झाले. साका बराच शुद्ध होता तेथे ब्रौनाइटासारख्या खनिजांचे जड, काळे धातुक तयार झाले. खाणीतून काढतात ते हेच. जेथे साक्यात वाळू आणि चिकणमाती मिसळली होती, तेथे मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सिलिका ह्यांच्या संयोगाने स्पेसार्टीन नावाचा तामडा निपजला. तामडा आणि गारगोटी ह्यांच्या बारीक दाण्यांचा हा नारिंगी-तपकिरी खडक म्हणजेच 'गोंडाइट'. हे नाव लुईस ली फर्मर ह्या भूवैज्ञानिकाने ठेवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असताना त्याने देशभरच्या मँगनीज-धातुकांची पाहणी केली आणि १९०९ साली तिच्यावर हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या गोंड लोकांच्या भूमीत हा खडक आढळला त्यांच्यावरून त्याने त्यास नाव दिले. गोंडाइट हा अग्निज नसून मँगनीजयुक्त गाळाचे रूपांतर आहे, हा त्याचा निष्कर्षही पुढील संशोधनात टिकला. आंध्रातील कोडूरच्या मँगनीजयुक्त खडकांस त्याने अग्निज मानले होते, ते मत मात्र पुढे मागे पडले.

रूपांतर सर्वत्र सारखे होत नाही, आणि हे समजून घेण्यास वारासिवनीसारखी सोयीची जागा क्वचितच मिळेल. कारण सौम्य आणि तीव्र अशा दोन्ही रूपांतरांच्या मधोमध ती वसली आहे. सर्वसाधारणपणे ह्या पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि वायव्येकडे जावे तसतशी रूपांतराची तीव्रता वाढत जाते. भरवेलीच्या खडकांचे कण बारीक आहेत; मूळच्या चिखलाचे थर तेथे अजून ओळखू येतात आणि अभ्रकाची चमक रेशमासारखी मऊ आहे. तिरोडीकडे कण ठळक होतात, तामड्याचे दाणे डोळ्यांना दिसू लागतात, आणि गोऱ्या-काळ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म भेटतो. आणखी पश्चिमेस छिंदवाड्याच्या बाजूस गेल्यास सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेची साक्ष देणारी खनिजे मिळतात. तेथे आज पृष्ठावर असलेला खडक एके काळी वीस किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक खोल होता. वरचे सारे झिजून गेले, तेव्हा तो उघडा पडला.

ह्या भागातील वाचकास पोह्यांचे उदाहरण पटेल. धान भिजवून, भाजून मुसळाखाली कांडले म्हणजे गोल दाण्याचा चपटा पोहा होतो. अभ्रकाची पाने उष्णता आणि दाब ह्यांच्या एकत्र क्रियेने अशीच एका दिशेस आडवी होतात. खडक ज्या दिशेने सहज फुटतो, ती दिशा एके काळच्या दाबाशी काटकोनात असते. म्हणजे तुटलेल्या दगडाच्या नुसत्या कडेवरूनही त्यास कोणीकडून रेटा बसला, ह्याचा अंदाज येतो.

हा रेटा आडवा होता आणि त्याने थरांच्या वळ्या पाडल्या. मँगनीजचे पट्टे गावोगावी तुटक तुटक का सापडतात, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या वळ्यांत आहे. लुगडे उलगडून अंथरले तर त्याचा काठ सरळ रेषेत दिसतो. तेच एकावर एक घड्या पडून चुरगळले, आणि वरच्या घड्या कोणी कातरून नेल्या, तर काठाचे तुकडे दहा ठिकाणी डोके वर काढतील. पाहणाऱ्यास ते दहा वेगळे काठ वाटतील. वस्तुतः विणला गेला तो एकच. धातुकाचा थर घडीच्या वाकणापाशी जाड होतो व बाजूंस ताणला जाऊन पातळ होतो. म्हणून खाणीच्या दृष्टीने वाकण शोधणे महत्त्वाचे. नागपूर जिल्ह्यात देवलापारजवळ तर खडकांची एक अख्खी चादर मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर जाऊन बसली आहे, असे डब्ल्यू. डी. वेस्ट ह्यांनी १९३६ साली दाखविले. आल्प्स पर्वतात अशा रचना प्रसिद्ध होत्या. इतक्या जुन्या भारतीय खडकांतही त्या असाव्यात, हे त्या काळी नवल होते.

हे केव्हा घडले? ह्या खडकांत वय सांगणारे जीवावशेष नाहीत. त्यामुळे किरणोत्सारी द्रव्यांच्या ऱ्हासावरच भिस्त ठेवावी लागते. आर्थर होम्स ह्यांनी १९५५ साली सातपुड्याच्या पर्वतनिर्मितीस सुमारे ९५ कोटी वर्षांचे वय दिले. पण त्यासाठी त्यांच्या हाती ह्या पट्ट्यातील नव्हे, तर दूर बिहारमधील खनिजे होती. पुढे तिरोडीच्या पट्टिताश्मांची वये दीडशे कोटी वर्षांच्या घरात आली, आणि होम्स ह्यांचा आकडा चुकला असे वाटू लागले. चालू शतकात रूपांतराच्या वेळीच वाढलेल्या मोनाझाइटाच्या सूक्ष्म कणांची वये काढता येऊ लागली. ती पुन्हा शंभर कोटींच्या आसपास आली. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. तिरोडीचा पट्टिताश्म हा बव्हंशी सौसर मालेखालचा जुना पाया आहे. त्याचे वय म्हणजे घराच्या जोत्याचे वय. मोनाझाइट सांगतो ती वेळ घरास लागलेल्या आगीची. त्या काळी उत्तरेकडील बुंदेलखंडाचे आणि दक्षिणेकडील बस्तरचे प्राचीन भूखंड एकमेकांशी घट्ट सांधले जात होते. आज ज्यास आपण भारतीय द्वीपकल्प म्हणतो, त्याची एक मोठी शिवण ह्या पट्ट्यातून गेली आहे.

ह्या शिवणीवरून माणसांनी आपल्या सीमा आखल्या. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून बालाघाट भोपाळकडे गेला आणि नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले. खडकांचे थर मात्र बावनथडी नदीखालून पूर्वीसारखेच ह्या राज्यातून त्या राज्यात जातात. सौसर मालेच्या उपविभागांची नावे पाहा : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ. ही सारी ह्याच मुलखातील नावे असून परदेशांतील भूवैज्ञानिकही त्यांचा उच्चार करतात. काही नावे टिकली नाहीत. सीतापारवरून ठेवलेले 'सीतापाराइट' हे खनिज पूर्वीच ज्ञात असलेले बिक्स्बाइट ठरले. तिरोडीवरून १९३८ साली ठेवलेले 'तिरोडाइट' १९९७ च्या नव्या नामव्यवस्थेत गळाले. गोंडाइट मात्र उरला. जगात कोठेही तसा खडक सापडला तरी त्यास हेच नाव देतात.

नावे ज्ञानाच्या वाढीबरोबर बदलतात, ह्यात खेद मानण्याचे कारण नाही. खेद दुसऱ्या गोष्टीचा आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या एका सिंडिकेटापासून १९६२ च्या मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडपर्यंत आणि आजच्या मॉयलपर्यंत ह्या पट्ट्यातून अखंड धातुक निघत आहे. पोलादातील गंधक आणि प्राणवायू ह्यांचा उपद्रव आवरण्यासाठी मँगनीज लागतेच. तेव्हा खाणी चालणारच, आणि त्यांवर हजारो घरांची चूलही पेटते. भरवेलीची खाण तर आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज-खाणींत गणली जाते. पण समुद्रतळावर साका बसणे, तो वीस किलोमीटर खोल जाणे आणि पुन्हा वर येणे, ह्यास शंभर कोटींहून अधिक वर्षे लागली. धानाचे पीक पुढल्या वर्षी पुन्हा येते. हे पीक एकदाच आले. आपल्या पिढीच्या हातून जे संपते आहे ते काय होते, एवढे तरी ह्या भूमीतील मुलांस त्यांच्या भाषेत ठाऊक असावे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. धातुकाचा अंश कमी म्हणून टाकून दिलेला गोंडाइट खाणींच्या बाहेर ढिगांत पडलेला असतो. खाणीच्या लोकांस विचारून शिक्षकाने त्यातील एक तुकडा, एक सुभाजेचा आणि एक गुलाबी संगमरवराचा, असे तीन दगड वर्गातील मेजावर ठेवावेत. वाळू, चिखल आणि चुना ओळखणाऱ्या मुलास त्यांतून आपल्याच गावाखालचा समुद्र दिसू शकेल.