गायनॅक कधी भेटणार?

लेकीला अॅम्स्टेलवीनमध्ये दिवस गेले, तेव्हा फोनवर मी आधी विचारलं, “गायनॅक कोण?”

“अगं, कुणी नाही. मिडवाइफ बघते.”

माझी सारी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात, लेबर रूमला. तरी धसका बसलाच.

नेदरलँड्समध्ये तब्येतीनं ठणठणीत गरोदर बाईचं सगळं मिडवाइफ करते. चार वर्षं शिकून आलेली असते ती. बीपी, बाळाचे ठोके, शेवटी बाळंतपणही, आणि बाईची इच्छा असेल तर तिच्या घरी. १९९० च्या दशकात तिथली जवळपास तिसरा हिस्सा बाळंतपणं घरी होत. आता शंभरात पंधराच्या आसपास. गायनॅक हॉस्पिटलात. त्याच्याकडं कुणाला पाठवायचं, याची देशभर एकच यादी: जुळं, पायाळू, आधीचं सिझर, चढलेलं बीपी. ऐन कळांत पाणी हिरवं गेलं, बाळ अडलं किंवा बाईला एपिड्युरल हवं झालं, तरी हॉस्पिटल.

सरळ बाळंतपणं आम्ही सिस्टरच करायचो. पण पेशंट पुढं पाठवायचा शब्द डॉक्टरांचा, आणि रात्री डॉक्टर मिळेपर्यंत आमचाच जीव टांगणीला. तिथं मिडवाइफ स्वतः ठरवते, फोन करते, हॉस्पिटल घेतं. हे मला फार आवडलं.

लेकीचं पाणी हिरवंच गेलं. हॉस्पिटलातही बराच वेळ मिडवाइफच होती. ठोके उतरायला लागले तशा गायनॅकबाई आल्या. आधी लेकीला स्वतःचं नाव सांगून हात मिळवला, मग व्हॅक्यूम लावला. बाळ रडलं, टाके झाले, बाई गेल्या. तिथं सिझरचं प्रमाण साधारण सतरा टक्के. आपल्या महाराष्ट्रात पाहणीनुसार पंचवीसच्या वर.

दुसऱ्या दिवशी घरी. पलंग आधीच ठोकळ्यांवर चढवून कमरेएवढा उंच केलेला, कारण बाळंतिणीची सेवा करायला विम्यातून आठवडाभर घरी बाई येते आणि वाकून तिची पाठ जायला नको. (आमच्या पाठींचा असा विचार कुणी केला होता?) ती टाके बघायची, गर्भाशय किती उतरलं ते चाचपायची, बाळाला छातीशी धरायला शिकवायची, शिवाय न्हाणीघरही घासायची. धुरी दिली तर स्मोक अलार्म बोंबलेल, असं जावयानं मला आधीच बजावलेलं. तिनं मात्र पाळण्यात गरम पाण्याची पत्र्याची बाटली ठेवली. म्हणजे शेक त्यांनाही कळतो! डिंकाचा लाडू तिनं आवडीनं खाल्ला.

सहा आठवड्यांनी मिडवाइफनं पुढच्या पाळण्याचं विचारलं. तांबी तिथं फॅमिली डॉक्टरही बसवतो. तिशी लागली की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं सरकारी बोलावणं येतं. तो नमुनाही फॅमिली डॉक्टरच्याच दवाखान्यात घेतात, नाहीतर किट घेऊन बाई घरी स्वतःच घेते. हे किट मी हातात धरून नीट बघितलं. शेतावरून उशिरा येणाऱ्या, तपासायच्या टेबलाला लाजणाऱ्या आमच्या बायकांना ते पहिलं द्यायला हवं.