टीकेत उरलेली सिद्धता

‘टीका’ या शब्दाला मराठीत हल्ली उणीदुणी काढण्याचाच वास येतो. ज्ञानेश्वरी हीसुद्धा गीतेवरची टीकाच, हे आपण विसरतो. अस्कलॉनचा युटोशियस हा त्या जुन्या अर्थाने टीकाकार. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या या नगरात तो इ.स. ४८०च्या सुमारास जन्मला. आर्किमिडीजच्या तीन ग्रंथांवर त्याने टीका लिहिल्या. अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरील ग्रंथाचे पहिले चार भाग निरनिराळ्या प्रती ताडून सिद्ध केले, त्यांवरही टीका लिहिली. हे दोघे त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधीचे. स्वतःचा मोठा सिद्धांत मात्र त्याच्या नावावर नाही.

मग त्याने केले काय? आर्किमिडीजने वर्तुळाचा परीघ मोजताना ३चे वर्गमूळ २६५/१५३ पेक्षा मोठे आणि १३५१/७८० पेक्षा लहान, असे सांगून टाकले. आकडेमोड दाखवली नाही. युटोशियसने ती मांडली. ग्रीकांचे अंक म्हणजे अक्षरेच, स्थानमूल्य नाही. त्यामुळे २६५ला २६५ने गुणायचे तर २००, ६० आणि ५ यांचे नऊ गुणाकार करून बेरीज घ्यायची: ७०२२५. १५३च्या वर्गाची तिप्पट ७०२२७. फरक अवघा दोनाचा! आर्किमिडीजची नजर किती बारीक होती, ते या दोनाने कळते.

गोलाचे दिलेल्या प्रमाणात दोन तुकडे कसे करायचे, या कूटात आर्किमिडीज एक सिद्धता ‘शेवटी देतो’ म्हणाला. शेवटी ती नव्हतीच. युटोशियस शोधत राहिला. अखेर एका जुन्या पुस्तकात त्याला काही प्रमेये सापडली. मजकूर चुकांनी भरलेला, आकृत्या बिघडलेल्या. पण भाषेत आर्किमिडीजच्या आवडत्या डोरिक बोलीच्या खुणा होत्या आणि अन्वस्ताला ‘काटकोनी शंकूचा छेद’ असे जुने नाव होते. त्यावरून त्याने कर्ता ओळखला आणि सिद्धता सोप्या भाषेत उतरवली.

घनाची दुप्पट करण्याचा प्रश्न आला, तेव्हा तर त्याने पूर्वसूरींच्या दहाहून अधिक रीती एकत्र मांडल्या. आर्किटासची त्रिमितीतली करामत आणि मिनेक्मसची शंकुच्छेदांची युक्ती आपल्याला ठाऊक आहे ती या संग्रहामुळे.

शंकुच्छेदांवरील टीका त्याने ट्रॅलिसच्या अँथेमियसला अर्पण केली. हा अँथेमियस म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या हाया सोफियाच्या दोन शिल्पकारांपैकी एक. दुसरा, मिलेटसचा इसिडोर, याने युटोशियसच्या टीकांची प्रत तपासली. पुढे १२६९मध्ये मोअरबेकच्या विल्यमने आर्किमिडीजबरोबर या टीकाही लॅटिनमध्ये नेल्या.

मूळ लेखकाचे मोठेपण टीकाकाराला खुपले नाही, की त्याच्या हातून असे काम होते. गोलाच्या तुकड्यांची ती सिद्धता आर्किमिडीजच्या ग्रंथात आजही नाही. ती वाचायची, तर युटोशियसची टीकाच उघडावी लागते.