मोबाईलवरील छळ आणि शिक्षकाचे कर्तव्य

मुलांनी एकमेकांना चिडविणे, नावे ठेवणे, खोड्या काढणे ह्या गोष्टी शाळेइतक्याच जुन्या आहेत. पूर्वी मात्र शाळा सुटली की चिडविणेही बहुधा सुटत असे. घरी पोहोचलेले मूल निर्धास्त होई. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर आला आणि जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरही हे यंत्र मुलांच्या हाती गेले. पुढे शाळा उघडल्या, तरी मोबाईल मुलांच्या हातीच राहिला आणि चिडविण्याचे रूप पालटले.

ह्या नव्या छळाची तीन लक्षणे ध्यानात घ्यावयास हवीत. पहिले, तो मुलाच्या पाठोपाठ घरात, किंबहुना अंथरुणापर्यंत येतो. दुसरे, वर्गात उच्चारलेला शब्द विरून जातो. परंतु स्टेटसवर ठेवलेले छायाचित्र गावभर फिरते आणि पुसले तरी कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये उरते. तिसरे, छळणारा पुष्कळदा खोट्या नावाआड दडलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांतील पाणी त्यास दिसत नाही. त्यामुळे आपण काय केले, हे त्यास उमगतही नाही.

ह्या सर्वांहून घातक आहे ते मुलाचे मौन. सातवीतील एखाद्या मुलीच्या छायाचित्रात फेरफार करून ते कोणी वर्गाच्या गटात टाकले, असे समजा. ती घरी का सांगत नाही? पहिली शिक्षा आपल्यालाच होईल, हे ती जाणून असते. मोबाईल काढून घेतला जाईल, ‘तूच काही केले असशील’ असे ऐकावे लागेल, कदाचित शाळाही सुटेल; आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू व्हावयास अनेक घरांत वेळ लागत नाही. छळणाऱ्याला हे भय ठाऊक असते आणि त्याच्याच बळावर तो तिला अधिक दबवितो. आईबाप ऊसतोडीस गेलेले असले, तर अशा मुलास विश्वासाने सांगण्याजोगे माणूस पुष्कळदा शिक्षकच असतो.

शिक्षकाने प्रथम मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, ‘सांगितलेस हे बरे केलेस’ असे म्हणावे व दोष देऊ नये. धमकीचे वा निंदेचे संदेश पुसू देऊ नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट, तारीख व वेळ यांसह जपून ठेवावेत. छायाचित्र अश्लील असल्यास मात्र त्याची प्रत घेऊ नये व ते कोणास पाठवूही नये, कारण मुलांची अशी चित्रे बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मोबाईल आहे तसा ठेवून पोलिसांस कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अपराध ठाऊक असूनही न कळविणे दंडनीय आहे; शाळेच्या लौकिकासाठी असे प्रकरण आपसात मिटविण्याचा अधिकार कोणासही नाही. पीडित मुलाचे नाव कोठेही उघड होऊ देऊ नये. १०९८ ही बालकांसाठी असलेली मदतवाहिनी होय. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हेविषयक संकेतस्थळावर मुलांच्या अश्लील चित्रांविषयीची तक्रार स्वतःचे नाव न देताही नोंदविता येते.

छळणारे मूलही पुष्कळदा त्याच वर्गातील असते. त्यास परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर उभे करणे म्हणजे छळाने छळास उत्तर देणे होय. त्यास एकांतात बोलवावे, आपल्या कृतीचा परिणाम समजावून द्यावा व पालकांच्या साहाय्याने चूक दुरुस्त करवून घ्यावी.

मोबाईलवर नियम हवेत, यात शंका नाही. तथापि ते शिक्षा म्हणून नसावेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये असा उपक्रम सुरू झाला, की सायंकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद व्हावेत. हा नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही होता.

येत्या पालकसभेत प्रत्येक शाळेने पालकांकडून एक वचन घ्यावे. मूल स्वतः होऊन आपली अडचण सांगेल, तर त्या कारणास्तव त्याचा मोबाईल काढून घेतला जाणार नाही आणि मुलीची शाळा बंद होणार नाही. हे वचन मुलांच्या देखतच घ्यावे, म्हणजे कोणाकडे जावयाचे हे त्यांस कळेल.