सुताच्या नंबरातले गणित

‘गणित आपल्या पोरांना जमत नाही’ असे आपल्याच वस्त्यांत आपण सहज बोलून जातो. पण नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीत आणि हातमागावर आपल्या आजा-पणज्यांनी आयुष्य काढले. सुताचा नंबर हे त्यांचे रोजचे काम. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका त्याचा नंबर. २० नंबरी पौंडभर सूत १६,८०० यार्ड भरते, ४० नंबरी ३३,६०० यार्ड. वजन तेच, लांबी दुप्पट. म्हणून धागा बारीक. पुस्तकातले व्यस्त प्रमाण ते हेच.

लोकजीवनातल्या अशा गणिताला ब्राझीलचे गणितज्ञ उबिराटन डी’अँब्रोसिओ यांनी ‘एथ्नोमॅथेमॅटिक्स’ म्हटले. आपण त्याला लोकगणित म्हणू.

मात्र सावध राहू. जातीने लादलेल्या धंद्यांतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. लोकगणिताच्या नावाने मुलांना पुन्हा तिथेच बसवायचे नाही. सुतापासून निघून बीजगणितापर्यंत, संगणकापर्यंत पोहोचायचे आहे.

विहारात संध्याकाळी वर्ग घेणाऱ्या तरुणांनी घरातल्या वृद्धांकडून असे हिशेब विचारून घ्यावेत आणि फळ्यावर मांडावेत. गणित परके नाही, हे पोरांना आपल्याच घरातून कळू द्या.