शिळ्या उसाचा डिंक आणि पोरांचे दात

कारखान्याच्याच पत्रिकेत साखरेची उणी बाजू छापायची म्हणजे घरचा आहेर, असे काही सभासद म्हणतील. म्हणू देत. सवलतीच्या दराची साखर आपल्या घरी जाते, ती खाणारी पोरं आपलीच आहेत. शिवाय दात का किडतात हे ऊसवाल्याला जितके चटकन उमजेल तितके दुसऱ्या कुणाला उमजायचे नाही.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. धुरी देऊन दातातून अळी काढून दाखवणारे बाजारात बसतात, त्यांच्या हातचलाखीला भुलू नये. कीड लावतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू, आणि तेही उघड्या दातावर बसत नाहीत. सकाळी दात कितीही लख्ख घासा, काही मिनिटांतच लाळेतली प्रथिने दातावर चिकटू लागतात आणि त्यांची साय धरते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही पातळ. चूळ भरून ती निघत नाही.

ही साय वाईट मुळीच नाही. आम्लाचा पहिला मारा तीच झेलते. दाताचे कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बनलेले असते आणि लाळेतही ही दोन्ही द्रव्ये भरपूर विरघळलेली असतात. स्टॅथेरिन नावाचे एक प्रथिन त्यांचे खडे बनू देत नाही, म्हणून दाताच्या डागडुजीला ती हाताशी राहतात. पण याच सायीतल्या काही प्रथिनांना धरून जंतूही दातावर ठाण मांडतात. राखणदाराच्या खाटेवर चोर येऊन झोपावा, तशातली गत.

त्यातला मुख्य चोर म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. त्याचा धंदा काय, ते आपल्या फडातच बघा. ऊस तोडून तसाच पडून राहिला की तुटल्या जागेतून ल्यूकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात आणि उसातल्या साखरेचा डेक्स्ट्रान हा बुळबुळीत डिंक करतात. मग रस घट्ट होतो, निवळायला वेळ लागतो, पॅनमध्ये दाणा लांबट येतो, उतारा घसरतो. तोडलेली मोळी लवकरात लवकर गव्हाणीत पडू द्या, म्हणून शेतकी खाते आपल्यामागे लागते ते उगाच नव्हे.

म्यूटन्स तोंडात हेच करतो. त्याचे विकर दातावरच्या प्रथिनांच्या सायीत जाऊन बसते. साखर आली की तिच्यातल्या ग्लुकोजचा डिंक जागच्या जागी विणला जातो, आणि त्यात इतर जंतूही चिकटतात. नुसत्या ग्लुकोजपासून हा डिंक होत नाही, त्याला आपली उसाची साखरच लागते. गुळाचा चहा करणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, गुळातही बहुतेक तीच साखर.

डिंकाखाली बसून जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू सर्वांना ठाऊक आहे. तोंडाचा सामू सातच्या आसपास असतो. तो साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून हे मोजले. काही मिनिटांतच सामू कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. रसाचे आम्ल मारायला आपण चुन्याची निवळी घालतो, तोंडात ते काम लाळ करते. पण तिला वेळ मिळायला हवा.

म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच, आमच्या मते त्याहून जास्त, किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. स्वीडनमध्ये व्हिपेहोम इथल्या संस्थेत १९४५ नंतर मतिमंद रुग्णांवर याचे प्रयोग झाले. ज्यांना नकार देता येत नाही अशा माणसांचे दात मुद्दाम किडवले, ही गोष्ट माणुसकीला धरून नव्हती. १९५४ साली निष्कर्ष छापले गेले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले.

तेव्हा सणाचे गोडधोड पोरांना ताटातच वाढा. येता-जाता चॉकलेट, दर तासाला गोड चहा, हे टाळा. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला निजवणे सगळ्यात घातक, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. पोरांच्या दाताला मिश्री तर लावूच नका, ती तंबाखूच आहे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. मूल दात घासत असताना वरचा ओठ उचलून हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो का, ते बघत जा. डाग आहे तोवर कवच पुन्हा भरून येऊ शकते. खड्डा पडला की मग डॉक्टरकडेच जावे लागते.