बारकोड स्कॅनर : परतलेल्या प्रकाशाचे वाचन

बारकोडच्या काळ्या रेघा वाचल्या जातात अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी स्कॅनर प्रत्यक्षात मोजतो तो परत येणारा प्रकाश. पांढरी जागा तो परावर्तित करते, काळी रेघ शोषून घेते आणि या चढउताराचे विद्युतसंकेतात रूपांतर प्रकाशसंवेदक करतो. बहुतेक स्कॅनर तांबडा प्रकाश वापरत असल्यामुळे पांढऱ्या वेष्टनावर तांबड्या शाईने छापलेला बारकोड माणसाला ठळक दिसूनही यंत्राला जवळजवळ कोराच भासतो.

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या एका पुड्यावरचा बारकोड दुकानाच्या गल्ल्यावर प्रथम वाचला गेला. आज भारतात रूढ असलेल्या १३ अंकी बारकोडच्या आरंभी येणारे ८९० हे अंक उत्पादनाचा देश दाखवत नाहीत. तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेने दिला आहे, एवढेच त्यांवरून कळते.

या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक योजलेला भाग म्हणजे शेवटचा तपासणी अंक होय. उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९ या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज २८, सम स्थानांवरच्यांची ३४. दुसरीची तिप्पट १०२ पहिलीत मिळवल्यास १३० येतात आणि ही संख्या दहाने निःशेष भागली जात असल्यामुळे तेरावा अंक शून्य ठरतो. कोणताही एकच अंक चुकीचा वाचला गेला, तर हा हिशेब हमखास बिघडतो आणि स्कॅनर तो क्रमांक नाकारतो. मात्र शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, तर त्यांची अदलाबदल या चाळणीतून निसटते.

स्कॅनरचे प्रकार प्रकाश रेघांवरून कसा नेला जातो यावरून ठरतात. लेखणीसारखा स्कॅनर हातानेच फिरवावा लागतो. लेझर स्कॅनरमध्ये हलणारा आरसा किरण झपाट्याने फिरवतो, तर सीसीडी स्कॅनरमध्ये एका रांगेतले संवेदक संपूर्ण बारकोड एकदमच टिपतात, त्यामुळे हलणारे भाग उरत नाहीत, परंतु सहसा वस्तू जवळ धरावी लागते. इमेजर हा मुळात कॅमेराच असून तो चित्र घेऊन त्यातला संकेत गणिताने उलगडतो, म्हणूनच चौकोनी क्यूआर कोड त्यालाच वाचता येतो. हा कोड मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकटींच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेषा नेली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळते, म्हणून ते मुद्दाम निवडले गेले. शिवाय सर्वोच्च पातळीची दुरुस्ती-व्यवस्था असल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती पुन्हा जुळवता येते.

अधिक माहिती साठवण्याच्या क्यूआर कोडच्या क्षमतेचे खरे महत्त्व औषधांच्या बाबतीत जाणवते, कारण १३ अंकांत उत्पादनाची ओळख मावते, मुदत मावत नाही. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषध-ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला असून त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख यांचा समावेश करावा लागतो; त्यामुळे ही माहिती ग्राहकाला औषध घेण्यापूर्वी स्वतः पडताळता येते.