सदू शिंदेंचा १९४६

१९४६ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये क्रिकेटचा हंगाम सुरू झाला. १९३९ नंतरचा हा पहिला पूर्ण हंगाम. ओव्हलचं मैदान युद्धकैद्यांच्या छावणीसाठी घेतलेलं होतं, ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले होते, यॉर्कशायरचा डावखुरा फिरकीपटू हेडली व्हेरिटी १९४३ मध्ये इटलीत कैदेत असताना दगावला होता. काउंटीचे पगारी खेळाडू गणवेश उतरवून परतले आणि त्यांच्यासमोर पहिला पाहुणा संघ आला तो आपला.

आपल्याकडे रणजी करंडक युद्धातही थांबला नव्हता. कर्णधार देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा तो जिंकला. १९४३-४४ मध्ये याच महाराष्ट्राविरुद्ध मुंबईच्या विजय मर्चंटने नाबाद ३५९ धावा काढल्या. त्या डावात महाराष्ट्राचा एक कोवळा लेगस्पिनर ७५.५ षटकं टाकत राहिला आणि १८६ धावांत ५ बळी घेऊन गेला. त्याचं नाव सदाशिव गणपतराव शिंदे, सगळ्यांचे सदू शिंदे. १९४६ च्या दौऱ्यावर ते गेले तेव्हा वय २२ होतं. पुढे १९६७ साली त्यांची मुलगी प्रतिभा शरद पवारांशी लग्न करून बारामतीची सून झाली. म्हणजे नात्याने ते बारामतीचे व्याही. आमच्या भागात त्यांची ओळख एवढ्यावरच थांबते, आणि ते मला खटकतं.

कर्णधार होते थोरले पतौडी. त्या उन्हाळ्यात पाऊस पाठ सोडत नव्हता. तरीही मर्चंटने दौऱ्यात २३८५ धावा केल्या, विनू मांकडने हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम केला. सांगलीच्या विजय हजारेंनीही हजाराचा टप्पा ओलांडला. पण मला या दौऱ्यात खरी गोडी वाटते ती तळाच्या फलंदाजांची.

मे महिन्यात सरेविरुद्ध ओव्हलवर ९ बाद २०५ असताना चंदू सरवटेंना शूट बॅनर्जी येऊन मिळाले. दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या या दोघांनी २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. शेवटच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा तो प्रकार प्रथम श्रेणीत आजवर पुन्हा झालेला नाही. सामनाही आपणच जिंकला.

२२ जूनला लॉर्ड्सची कसोटी सुरू झाली. शिंदेंची ती पहिलीच. ॲलेक बेडसरचीही पहिलीच, आणि त्याने पहिल्या डावात ७ गडी टिपले. ९ बाद १५७ वर शिंदे आले आणि रुसी मोदींबरोबर त्यांनी ४३ धावांची भर घातली. भारत २०० वर पोचला. हरलो, दहा गडी राखून हरलो. पण शेवटची जोडी लवकर उखडली नाही, हे विसरू नये.

मँचेस्टरची कसोटी २० जुलैला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारच्या सुटीत, इंग्लंडमध्ये ब्रेडवर रेशनिंग लागू झालं. युद्ध चालू असतानाही ब्रेड असा मोजून मिळत नव्हता. जिंकलेल्या देशाची ही अवस्था. चौथ्या डावात भारताला २७८ हव्या होत्या. शेवटी रंगा सोहोनी आणि रत्नागिरीचे दत्ताराम हिंदळेकर ही अखेरची जोडी उरली. दोघांनी १३ मिनिटं काढली आणि ९ बाद १५२ वर सामना अनिर्णित ठेवला. ओव्हलची तिसरी कसोटी पावसाने खाल्ली. मालिका इंग्लंडने १-० ने घेतली. अखंड हिंदुस्थानचा तो शेवटचा दौरा ठरला. संघातले अब्दुल हफीझ पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

काउंटीच्या सामन्यांवर इंग्लंडच्या पगारी खेळाडूंची घरं चालत होती. आपल्या बहुतेकांना नोकरी, नाहीतर संस्थानचा आश्रय बघावा लागे. खेळ संपला की हातात फार काही उरत नसे. हिंदळेकर १९४९ मध्ये वयाच्या चाळिशीत गेले. शिंदेंनी १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडचे ६ गडी ९१ धावांत बाद केले. दुसऱ्या डावात त्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटत गेले आणि हातातला विजय निसटला. एकूण ७ कसोटी, १२ बळी. २२ जून १९५५ रोजी, लॉर्ड्सच्या त्या पहिल्या दिवसाला बरोबर ९ वर्षं होत असताना, ते विषमज्वराने गेले. वय ३१.

शेळगावपासून बारामतीपर्यंत आज सुगी झाली की गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. चषकाला नाव कोणाचं द्यायचं, यावर बैठका होतात. माझं मागणं एवढंच आहे: पुढच्या वेळी उत्कृष्ट गोलंदाजाच्या बक्षिसाला सदू शिंदेंचं नाव द्या, आणि ते देताना मंडपात कोणाचे सासरे म्हणून नव्हे, तर दिल्लीत ६ गडी घेणारा लेगस्पिनर म्हणून पुकारा.